‘पाणी गरमच लागत नाही’

हिची चप्पल पायातून निसटायची आणि हिला कळायचंच नाही. खांडबाऱ्याच्या बाजारात आम्ही भाजी घेऊन पुढे निघालो होतो. मागून एक बाई हाका मारत आली, “ओ मावशी, तुमची चप्पल राहिली!” वळून पाहिलं तर डावी चप्पल वीसेक पावलं मागे, गवारीच्या ढिगाजवळ पडलेली. तेवढी पावलं ही एक पाय अनवाणी टाकत चालली होती. खाली खडी होती, कुणाच्या तरी टोपलीतून सांडलेले बाभळीचे काटे होते. चार ओळखीची माणसं बघत होती, मला ओशाळल्यासारखं झालं आणि मी हिच्यावर डाफरलो, “लक्ष कुठे असतं तुझं?” ही काहीच बोलली नाही. चप्पल पायात सरकवली, पिशवी उचलली आणि चालू लागली.

ही २०२२ च्या पावसाळ्यातली गोष्ट. माझ्या चुका सांगायच्या तर सुरुवात इथूनच करायला हवी. उनाईच्या गरम पाण्याच्या कुंडापर्यंत आम्ही पुढे पाच-सहा महिन्यांनी पोचलो, पण मी चुकायला लागलो तो त्या बाजारातच.

हिला साखरेचा आजार होऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. गोळ्या वेळेवर, गोड बंद, दर तीन महिन्यांनी उपाशीपोटीचं रक्त तपासायचं. आकडा बरा आला की आम्ही खूश. पायांकडे कधी कुणी पाहिलं नाही, आम्हीही दाखवले नाहीत. ही म्हणायची, “कापसावर चालल्यासारखं वाटतं.” रात्री म्हणायची, तळव्यांना मुंग्या येतात, पांघरुणाचासुद्धा त्रास होतो. मी म्हणायचो, दिवसभर उभी असतेस, म्हणून होत असेल. बाजारातल्या प्रसंगानंतर मी एक उपाय केला. हिला एक नंबर लहान चप्पल आणून दिली, म्हणजे निसटणार नाही. ती चप्पल बोटांना घट्ट होत होती, पण हिने तशी तक्रार केली नाही. तक्रार कशी करणार? घट्ट होते हे कळायला पायाने सांगायला हवं.

त्याच वर्षी सप्टेंबरात आमचा मुलगा आणि सून अमेरिकेत यलोस्टोनला गेले. दोघंच, गाडी घेऊन, पाच दिवस. त्या राष्ट्रीय उद्यानाला त्या वर्षी दीडशे वर्षं झाली होती. १८७२ च्या मार्चमध्ये ते जाहीर झालं, जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. एकतीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला, दर वर्षी फळ्यावर गायझरची आकृती काढली. खाली तापलेला खडक, वर येणारी वाकडीतिकडी अरुंद नळी, नळीत अडकलेलं पाणी. खोलवर दाब जास्त म्हणून पाणी शंभर अंशांच्या पुढे तापूनही उकळत नाही. वरचं थोडं पाणी बाहेर सांडलं की दाब उतरतो आणि खालचं सगळं एकदम वाफ होऊन उसळतं. हे मी मुलांना इतक्यांदा सांगितलं होतं की झोपेत विचारलं असतं तरी सांगितलं असतं. आपण न्हाणीघरात ज्याला गिझर म्हणतो तो शब्द आइसलँडमधल्या एका अशाच कारंज्याच्या नावावरून आला, हे सांगितलं की मागच्या बाकांवरची पोरंसुद्धा मान वर करायची.

आणि आता माझाच मुलगा ओल्ड फेथफुलसमोर उभा राहून फोनवर दाखवत होता. मोठमोठ्या लाकडी बाकांवर माणसं बसलेली, सगळ्यांचे डोळे एका पांढरट उंचवट्याकडे. साधारण दीड तासाने एकदा ते उसळतं. पाणी वर चढायला लागलं तशी ही माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती. म्हणाली, “अहो, हे तर तुमचं फळ्यावरचं चित्र!”

मुलाने खूप दाखवलं. नारिंगी कडांचं निळंशार कुंड दाखवलं. सुनेने सांगितलं, तो नारिंगी रंग पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्म जीवांचा आहे. १९६६ साली थॉमस ब्रॉक नावाच्या शास्त्रज्ञाला तिथल्याच एका झऱ्यात उष्णतेत तगणारा एक जिवाणू सापडला, त्याच्यापासून मिळालेला एक घटक पुढे पीसीआर तपासणीत उपयोगी पडला. कोरोनात आपल्या सगळ्यांच्या नाकात काडी घालून जी तपासणी केली, ती तीच. आणखी एक कुंड दाखवलं, मॉर्निंग ग्लोरी नावाचं. लोकांनी वर्षानुवर्षं त्यात नाणी टाकली, कचरा टाकला, त्याने झऱ्याचं तोंड बुजत गेलं, पाणी थंडावलं आणि निळा रंग जाऊन कडेने पिवळा-नारिंगी शिरला. तापीच्या पुलावरून गाडी जाताना आम्ही दोघंही आजवर न चुकता नाणं टाकत आलोय, त्यामुळे हे ऐकताना जरा गप्प झालो.

आणि मुलाने एक गोष्ट बजावून सांगितली होती. तिथे लाकडी पायवाटेवरूनच चालायचं. खाली पाऊल टाकायचं नाही, पाण्याला हात लावायचा नाही. जमिनीचा पापुद्रा पातळ असतो, पाय खाली जातो. आजवर विसाहून जास्त माणसं त्या पाण्यात भाजून मेली आहेत. मी हे ऐकलं, मान डोलावली आणि मनात म्हणालो, त्यांचं पाणी उसळतं, आपलं शांत असतं.

इथे मला थोडं थांबून सांगायला हवं, कारण माझी खरी चूक या एका वाक्यात आहे.

आपल्याकडे उसळणारी कारंजी नाहीत, उन्हाळी आहेत. ‘ऊन पाणी’ म्हणजे गरम पाणी, हा आपल्या खेड्यापाड्यांतला साधा शब्द. तो गावांच्या नावांतच बसलाय. पालीजवळ उन्हेरे, दापोलीकडे उन्हवरे, आमच्या नंदुरबार जिल्ह्यात शहादा तालुक्यात उनपदेव, जळगाव जिल्ह्यात अडावदजवळ दुसरं उनपदेव. शिवाय वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, महाडजवळचं सव, तुरळ, राजवाडी, राजापूर, अशी सह्याद्रीच्या पायथ्याने ओळच लागते. आणि गुजरातेत, आमच्यापासून दोन-तीन तासांवर, उनाई. यातल्या कुठल्याही झऱ्याखाली यलोस्टोनसारखा जागा ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांतून खोल जातं. दर किलोमीटरला पंचवीस-तीस अंशांनी तापत जाणारा खडक त्याला ऊन करतो आणि दुसऱ्या भेगेतून ते वर येतं. तुंबून राहायला अरुंद नळी नाही, उकळायला लावील एवढी आच जवळ नाही, म्हणून ते उसळत नाही, नुसतं वाहतं. भूगोल एवढाच, आणि तो बरोबर आहे. मी मात्र त्यात स्वतःचं एक वाक्य जोडलं. शांत पाणी, म्हणजे निरुपद्रवी पाणी. हे कुठल्याही पुस्तकात नव्हतं.

मुलासुनेचा प्रवास बघितल्यापासून माझ्या मनाने घेतलं की आपणही दोघांनी गाडी घेऊन असं कुठेतरी जावं. अमेरिकेला जाण्यासारखी हिची तब्येत नव्हती आणि खर्चही झेपणारा नव्हता. उनाईच्या पलीकडे लगेच वांसदा राष्ट्रीय उद्यान आहे. ऊन पाणी आणि राष्ट्रीय उद्यान दोन्ही एका दिवसात. शहाद्याचं उनपदेव जवळ पडलं असतं, पण तिथे मी शाळेच्या सहली किती वेळा नेल्या असतील. मला नवीन काही हवं होतं.

आणि दुसरं कारण, जे मी बरेच दिवस कुणाला सांगितलं नाही. मला वाटत होतं, त्या पाण्याने हिच्या पायांच्या मुंग्या जातील. उनाईची कथा अशी सांगतात की शरभंग ऋषींच्या अंगावर कोड होतं, त्यांच्यासाठी रामाने जमिनीत बाण मारला आणि ऊन पाणी वर आलं. सीतेने त्यात स्नान केलं, ‘हूं न्हाई’ म्हणाली, म्हणून उनाई. अडावदच्या उनपदेवालाही शरभंग ऋषींचीच कथा सांगतात. रामाच्या बाणाची ही कथा लहानपणापासून ऐकलेली. त्यात सुनेने सांगितलेलं जिवाणूंचं मी माझ्या सोयीने जोडून घेतलं. म्हणजे पाणी जिवंत आहे, त्यात गुण आहे. भूगोलाच्या मास्तराने शास्त्र आणि श्रद्धा दोन्ही हाताशी घेतली, आणि डॉक्टरला मात्र एका शब्दाने विचारलं नाही.

हिचं म्हणणं वेगळं होतं. हिला रेल्वेने जायचं होतं. बिलीमोरा ते वघई ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी, त्रेसष्ट किलोमीटरची. गायकवाडांच्या बडोदे संस्थानाच्या काळात, १९१३ साली सुरू झालेली. ही लहानपणी वडिलांबरोबर तिच्यातून गेली होती. वडील लाकडाच्या वखारीत कारकून होते, वघईला त्यांचं काम असायचं. “खिडकीतून हात काढला की सागाच्या पानाला लागायचा,” असं ही सांगते. मध्ये बंद पडलेली ती गाडी २०२१ साली पुन्हा सुरू झाल्याचं हिने पेपरात वाचलं होतं. कात्रण देवघराच्या फळीखाली ठेवलं होतं. मी म्हणालो, आधी सुरतेला जा, मग बिलीमोऱ्याला, गाड्या बदला, कशाला तो खटाटोप? आपली गाडी आहे. मुलगा गेला तसं आपणही गाडीनेच जाऊ. ही म्हणाली, “बरं.” पस्तीस वर्षांच्या संसारात हिने किती वेळा ‘बरं’ म्हटलं असेल, मी कधी मोजलं नाही.

२०२३ च्या जानेवारीत, संक्रांत झाल्यावर निघालो. हिने दुधात भिजवलेल्या दशम्या केल्या, तिळाची चटणी, मेथीची सुकी भाजी. विसरवाडीला हमरस्त्याला लागलो तेव्हा आठ वाजून गेले होते, खरं तर सहालाच निघायचं होतं. थंडी चांगली होती. नवापूरला चहा प्यायलो. ते स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत, हिला दर वेळी ते पाहायचं असतं. तिथे अर्धा तास गेला, तोही मी घड्याळ बघत घालवला. मग उच्छल, सोनगड. डोंगरावरचा गायकवाडांचा किल्ला गाडीतूनच दाखवला. व्याऱ्याला डावीकडे वळून उनाईला पोचेपर्यंत अकरा वाजले.

देवीचं दर्शन घेतलं. मग कुंडाकडे गेलो. बायका-पुरुषांची अंघोळीची सोय वेगवेगळी. माणसं गडूने, बादलीने पाणी घेत होती, अंगावर ओतत होती, हा-हू करत बाजूला होत होती. पोरांच्या अंगातून थंडीत वाफा निघत होत्या. हे मी पाहिलं. कुणीही एका जागी पाण्यात पाय सोडून बसलं नव्हतं, हेही पाहिलं. पाहिलं आणि त्याचा अर्थ लावला नाही.

हिला अंघोळ करायची नव्हती. म्हणाली, थंडीत ओल्या अंगाने पुढचा प्रवास नको. मग मीच एक जागा शोधली, कडेची, जिथे पायरीवर बसून पाण्यात पाय सोडता येतील. आधी मी पाय घातला. घोटा बुडाला न बुडाला तोच मी तो वर ओढला, चांगलाच चटका बसला होता. मी म्हणालो, “जरा कडक आहे, हळूहळू सोड.” हिने साडी पोटरीपर्यंत घेतली आणि दोन्ही पाय सरळ पाण्यात सोडले. चेहऱ्यावर काही नाही. मी विचारलं, “चटका नाही बसला?” ही म्हणाली, “पाणी गरमच लागत नाही.”

हे वाक्य मी रोज ऐकतो, म्हणजे अजूनही मला ते ऐकू येतं. दोन माणसं, एकच पाणी. एकाचा पाय क्षणात बाहेर आला आणि दुसऱ्याला काही लागतच नाही. एकतीस वर्षं मुलांना निरीक्षण करा, निष्कर्ष काढा असं शिकवणाऱ्या माणसासमोर याहून स्पष्ट निरीक्षण कुणी ठेवायला हवं होतं? मी निष्कर्ष काढलाही. शेजारी बसलेल्या अनोळखी गृहस्थांना कौतुकाने म्हणालो, “आमच्या घरात हीच खंबीर.” आणि हिला म्हणालो, “बस जरा वेळ. रक्त खेळू दे.”

ही अर्धा तास बसली. मध्ये एकदा म्हणाली, “पुरे का?” मी म्हणालो, “आलोय एवढं लांब, बस अजून.”

पाय बाहेर काढले तेव्हा घोट्यापर्यंत लालबुंद झाले होते. पाण्याच्या पातळीला सरळ रेघ उमटली होती, कुणी पट्टीने आखावी तशी. रेघेच्या वर नेहमीचा रंग, खाली लाल. मला आनंद झाला. खरंच झाला. मी म्हणालो, “बघ, कसं रक्त खुललंय!” मोबाईलवर हिच्या पायांचा फोटो काढला आणि मुलाला पाठवणार होतो. तिथे रेंज नव्हती म्हणून राहिलं. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. पुढे नंदुरबारला डॉक्टरांना मी तोच दाखवला.

मग हिने ओल्या पायांवर तीच घट्ट चप्पल चढवली आणि आम्ही वांसद्याच्या जंगलाकडे निघालो. उद्यानात आत जाण्याची परवानगी, वेळ, कशाचीच मी आधी चौकशी केली नव्हती. उनाईत आणि मग जेवणात वेळ गेला होता, आत काही जाता आलं नाही. वांसदा ते वघई रस्ता जंगलातूनच जातो, तेवढ्यावर समाधान मानलं. उद्यान तसं लहान, चोवीस चौरस किलोमीटरच्या आसपास. पण जंगल अस्सल. वांसद्याच्या राजांचं हे राखीव रान, १९७९ साली राष्ट्रीय उद्यान झालं. १९५२ पासून इथे झाड तोडलेलं नाही असं सांगतात. साग, ऐन, खैर, आणि काटस बांबूची बेटं अशी दाट की दुपारीही आत काळोख. एके ठिकाणी गाडी बाजूला घेतली. सागाची वाळलेली पानं पडली होती, पावलाखाली पापडासारखी वाजत होती. हिला वडिलांची आठवण झाली असावी. हिने चप्पल काढली आणि त्या पानांवरून चालत गेली, रुळांपर्यंत. छोट्या गाडीचे ते रूळ झाडीतून वळत गेले होते. ही तिथे बराच वेळ उभी राहिली. माझ्या सबंध नियोजनात हिच्यासाठी म्हणून जे काही होतं ते त्या दहा मिनिटांत, आणि तेही मी ठरवलेलं नव्हतं. परत आली तेव्हा मी पाहिलं नाही की पायांखाली काय काय लागलं असेल.

रात्री दहाला खांडबाऱ्याला पोचलो. दिव्याखाली हिने पाय वर घेतले तर दोन्ही पावलांवर फोड. उजव्या पायाच्या करंगळीपासून चवड्यापर्यंत एक मोठा, पाण्याने भरलेला, पिशवीसारखा. ही त्याच्याकडे असं बघत होती जणू पाय दुसऱ्या कुणाचा आहे. म्हणाली, “दुखत काहीच नाही हो.”

दुखत नाही म्हणून मी निर्धास्त झालो. भाजलं तर वीस मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली धरावं आणि तेही भाजल्याभाजल्या. ती वेळ तर कधीच गेली होती. आता फोडाला हात न लावता डॉक्टर गाठायला हवा होता. मी टूथपेस्ट लावली. दुसऱ्या दिवशी मोठा फोड तटतटला तेव्हा सुई दिव्यावर धरून मीच फोडला, वर हळद भरली. शेजारी कुणी विचारलं तर सांगितलं, चप्पल लागली. मुलाला काहीच सांगितलं नाही. चौथ्या दिवशी हिला थंडी वाजून ताप आला आणि खोलीत वास येऊ लागला, तेव्हा नंदुरबारला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी जखम पाहिली, आणि मग जखम नसलेल्या जागा तपासायला घेतल्या. त्यांच्याकडे पेनासारख्या दांड्याला लावलेला नायलॉनचा एक धागा होता. तो टेकवला की वाकतो, आणि वाकतो तेव्हा दाब बरोबर दहा ग्रॅमचा पडतो. डॉक्टर म्हणाले, “ताई, डोळे मिटा. पायाला काही लागलं की ‘हो’ म्हणा.” हिने डोळे मिटले. त्यांनी अंगठ्याला धागा टेकवला, वाकवला. मग दुसऱ्या बोटाखाली, चवड्यावर, टाचेवर. उजवा पाय झाला, डावा झाला. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो, धागा प्रत्येक वेळी वाकताना मला दिसत होता. खोलीत कुणी बोलत नव्हतं. थोड्या वेळाने हिने डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, “डॉक्टर, सुरू केव्हा करताय?”

मी बाहेर जाऊन व्हरांड्यात बसलो.

डॉक्टर नंतर मला रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. साखर बरीच वर्षं राहिली की सगळ्यात लांबच्या नसा आधी जातात, म्हणजे पायांच्या बोटांच्या. मग बधिरपणा मोज्यासारखा वर चढत जातो. मुंग्या, कापसावर चालल्यासारखं वाटणं, चप्पल निसटलेली न कळणं, ही सगळी त्याचीच लक्षणं. आणि पाणी उकळतं असायलाच हवं असं नाही. साठ अंशांचं पाणी पाचेक सेकंदांत खोलवर भाजतं, एकोणपन्नास अंशांच्या पाण्याला तेच करायला पाच-दहा मिनिटं पुरतात. धड माणूस तेवढा वेळ त्यात पाय ठेवूच शकत नाही, पाय आपोआप बाहेर येतो. “तुमचा आला असेल,” ते म्हणाले. मी हो म्हणालो.

करंगळी वाचली नाही. फेब्रुवारीत काढावी लागली, जंतुसंसर्ग हाडापर्यंत गेला होता. बाकीची जखम भरायला पाच महिने लागले. दर दोन दिवसांनी ड्रेसिंग, इन्सुलिन सुरू झालं, पाय टेकवायचा नाही म्हणून हिला घरात चाकाच्या खुर्चीवर बसवलं. आख्खा उन्हाळा हिने खिडकीशी काढला. स्टेशन जवळ, सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाड्यांचा आवाज घरात येतो. आवाजावरून ही सांगायची, ही पॅसेंजर, ही मालगाडी.

मुलाला मी तीन आठवड्यांनी सांगितलं, करंगळी काढायचं ठरल्यावर. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग एकच विचारलं, “बाबा, तुम्ही आधी पाण्यात पाय घातला होता का?”

“घातला होता.”

“मग?”

“मला चटका बसला होता.”

बराच वेळ तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही. फोन दोघांपैकी कुणी ठेवला ते आठवत नाही.

मी देवीला दोष देत नाही, पाण्याला देत नाही. हजारो माणसं तिथे न्हाऊन सुखरूप घरी जातात. माझ्या गावात, नातेवाईकांत साखर असलेली माणसं घरोघरी आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पायांना अजून कुणी धागा टेकवलेला नाही. म्हणून हे लिहिलं. गुडघेदुखीसाठी गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसणारी, थंडीत शेकोटीकडे तळवे करून झोपणारी अशी कितीतरी माणसं मी आता बघतो आणि थांबून बोलतो. काहींना राग येतो, येऊ दे.

हिने मला काय म्हटलं, असं लोक विचारतात. काही म्हटलं नाही. एकदाच, एप्रिलात, ड्रेसिंग चालू असताना म्हणाली, “मी ‘पुरे का’ म्हणून विचारलं होतं.” तेवढंच. आवाजात राग नव्हता, आणि म्हणून मला त्याला काही उत्तर देता आलं नाही.

आता न्हाणीघरात बादलीशेजारी थर्मामीटर टांगलाय. अंघोळीच्या पाण्यात आधी मी कोपर बुडवून बघतो, मग आकडा वाचतो, मग हिला हाक मारतो. चप्पल मापाची, मागे पट्टा असलेली, आणि ती घालण्याआधी मी आतून हात फिरवून बघतो, खडा बिडा तर नाही ना. कात्रण अजून देवघराच्या फळीखाली आहे. छोट्या गाडीने जायचं ठरलंय, येत्या थंडीत. या वेळी सगळं हिने ठरवलंय, कुठे उतरायचं, कुठे राहायचं, डबा काय न्यायचा. उनाईला देवीचं दर्शन घ्यायचं आणि कुंडाच्या कडेने पुढे जायचं, असं ही म्हणते.

रात्री जेवणं झाली की ही खाटेवर पाय लांब करून बसते. मी खाली बसतो, मोबाईलचा टॉर्च लावतो, दाढीचा आरसा तळव्याखाली धरतो. टाच, चवडा, बोटांमधली एकेक फट. कुठे लाल तर नाही, कुठे चीर, कुठे ओल. दहा मिनिटं जातात. मी आरसा खाली ठेवायला लागलो की ही म्हणते, “अहो, करंगळीची खाच राहिली.” मी टॉर्च पुन्हा लावतो.